सिरियस आहे, लवकर या

नाशिक
५ मार्च २०२५

तात्या,

आधी नमस्कार. तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, तेव्हा अक्षर आणि विषय दोन्ही सांभाळून घ्या.

खात्याने आम्हा चाळीस जणांना सहा दिवसांच्या वर्गाला पाठवलं आहे. ताण आला की आपलं आपण कसं सावरायचं, ते शिकवतात. सकाळी मोबाईल एका टोपलीत जमा करायचे. मग श्वास. चार मोजत आत घ्यायचा, चार मोजत धरायचा, चार मोजत सोडायचा. शिकवायला निकिता मॅडम आहेत, तिशीच्या असतील, आवाज कधी चढत नाही. काल त्यांनी श्वास धरायला सांगितला तर आमच्या ठाण्याचा धनराज हात वर करून म्हणाला, "मॅडम, धरलाय. सोडायला वरिष्ठांची परवानगी लागेल का?" सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "हसताना सुटला बघा तुमचा."

दिवसाच्या शेवटी अर्धा तास हाताने पत्र लिहायचं, ज्याच्याशी आपल्याला खोटं बोलावं लागत नाही अशा माणसाला. बऱ्याच जणांनी बायकोचं नाव घातलं आणि थोड्या वेळाने खोडलं. मी तुमचं घातलं. नोकरीतलं सगळं मी तुमच्या हाताखाली शिकले. फोनवर तर तुम्ही येतच नाही, निवृत्त झाल्यापासून कान गेलेत असं मंगलाकाकू सांगतात.

मला इथे का पाठवलं ते लिहिते. गेले तीन आठवडे मला फोन लावता येत नाही. नंबर दाबताना उजवा अंगठा बधिर होतो. ठाण्यातल्या हवालदाराला फोन लावता येत नसेल तर तिचा उपयोग काय?

अकरा फेब्रुवारीला, सकाळी अकराच्या सुमाराला, पिंपळगावच्या अलीकडे महामार्गावर एक मजूर पिकअपखाली आला. नवनाथ नाव, वय सत्तावीस. पेठकडच्या पाड्यावरचा, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हंगामापुरता आलेला. मी आणि धनराज गस्तीवर होतो, दहा मिनिटांत पोचलो. तो गेलेला होता. मी नाडी पाहिली, डोळे पाहिले. आपण दोघांनी असे किती पाहिलेत, त्यात शंका उरत नाही. खिशातला फोन शाबूत होता. शेवटचा नंबर भावाचा, बारकू नावाने. तुम्ही शिकवलंत तसा त्याच्याच फोनवरून लावला.

पलीकडून आवाज आला, "बोल ना रं, नवनाथ."

मी तुम्ही शिकवलेलंच बोलले. पोलिस बोलतोय, अपघात झालाय, सिरियस आहे, नाशिकच्या दवाखान्यात लवकर या. चौदा वर्षं हे वाक्य माझ्या तोंडून आपसूक येतं. फोनवर 'गेला' म्हणायचं नाही, माणूस धड पोचू दे, पुढचं डॉक्टर सांगतील.

बारकू नाशिकलाच बांधकामावर असतो. तो आमच्या आधी पोचला. मी जीपमधून उतरले तेव्हा फाटकाशी उभा होता, अंगावर सिमेंट, सोबत चार जण. चौघांनी शर्टाच्या बाह्या दंडापर्यंत वर केल्या होत्या. मला म्हणाला, "मॅडम, चार आणलेत. रक्त कुठं द्यायचं?"

वर्गात श्वास धरला की मला तेच ऐकू येतं.

आता नवनाथच्या घरच्यांनी तक्रार केली आहे. पोलिस मॅडमने, म्हणजे मी, फोन केला तेव्हा तो जिवंत होता, दवाखान्यात मेलेला पोचला, म्हणजे वाटेत गेला, असा त्यांचा हिशोब. रुग्णवाहिका वाटेत पंधरा मिनिटं उभी होती आणि ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता, त्याचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरतो आहे. शेखर त्या ड्रायव्हरचं नाव. तुम्ही ओळखता, निफाडच्या पुराच्या वेळी आपल्यासोबत होता.

वेळ संपली. मॅडम टोपलीकडे निघाल्या आहेत.

आशा

*

इगतपुरी
१० मार्च

आशा,

पत्र पोचलं. चाळीस पोलिसांना एका खोलीत बसवून श्वास घ्यायला लावणारी बाई हिमतीची म्हणायची. आमच्या वेळी कुणी डळमळला की साहेब म्हणायचे, तोंड धू आणि बंदोबस्ताला जा. मी बत्तीस वर्षं तोंड धुऊनच काढली. धनराजला सांग, श्वास सोडल्याची नोंद डायरीत करून ठेव, नाहीतर नंतर कुणीतरी विचारेल.

शेखरची काळजी सोड. दवाखान्याच्या कागदावर 'दाखल करण्यापूर्वी मृत' असं लिहिलेलं असणार. चौकशी होईल, चार महिन्यांनी फाईल बंद. तू मध्ये पडलीस तर तू जाशील आणि त्यालाही फायदा होणार नाही.

आणि फोनवर तो शब्द न काढणं याला मी खोटं म्हणत नाही. ऐकणारा कुठे उभा आहे आपल्याला दिसतं का? गच्चीवर असेल, रस्त्यावर गाडी चालवत असेल. दवाखान्यापर्यंतच्या वाटेपुरता आपण त्याला धीर देतो. आपल्या हातात तेवढंच असतं. चार पोरं रक्त द्यायला आली हे वाचून वाईट वाटलं, पण बघ, ते सुखरूप पोचले ना?

अंगठ्याला तिळाचं तेल लाव. मी बरा आहे. रोज स्टेशनवर जातो. घाट चढायला लावलेली जादा इंजिनं इथे सोडतात, ते बघत बसतो. गाडी निघून जाते आणि इंजिन एकटंच उभं राहतं. बघायला बरं वाटतं.

मंगलाच्या फोनवर निरोप ठेवू नकोस. पत्रच लिही.

सावळीराम

*

सायखेडा
१७ मार्च

तात्या,

तेल लावलं. अंगठा तसाच आहे.

वर्ग संपून मी घरी आले. रोज सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी ओट्याशी उभी राहून सराव करते. पाय जमिनीला टेकलेले आहेत ते जाणवू द्यायचं, मग समोरच्या पाच वस्तू मनात म्हणायच्या. पातेलं, खिडकी, लसूण, सासूबाईंचा चष्मा, नळ. सासूबाई परवा म्हणाल्या, "अगं, चष्म्याकडे बघून काय पुटपुटतेस? हवा असेल तर घे." हसले आणि खरंच बरं वाटलं. दुपारी जेवण जायला लागलं आहे. म्हणजे उपयोग होत नाही असं नाही.

पण एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नव्हती.

नवनाथची आई मला रोज फोन करते. नवसाबाई. सकाळी सव्वाअकराला, म्हणजे मी तो फोन केला त्याच वेळेला. पाड्यावर रेंज नाही, टेकडीवर चढून लावावा लागतो, त्यामुळे आधी धाप ऐकू येते. मग विचारतात, "मॅडम, पाणी मागितलं का त्यानं?"

रागावत नाहीत, तक्रारीचं बोलत नाहीत, एवढंच विचारतात. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "नाही आई, तो बेशुद्ध होता." घाईत म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "बेसूद मानूस बी व्हट हलवतो. त्याचे व्हट हलत व्हते का?" मी सांगितलं, माझं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "गाडीवाला च्या पीत व्हता तवा दार लावलेलं व्हतं का उघडं? उघडं आसंल तर त्याला कपबशीचा आवाज गेला आसंल."

तात्या, त्यांच्या मनात तो पंधरा मिनिटं गाडीत जिवंत आहे. तहानलेला आहे आणि बाहेर चहा चालू आहे. हे त्यांच्या डोक्यात मी घातलं. एका वाक्याने.

शनिवारी निकिता मॅडम आम्हाला पुन्हा भेटतात. मी विचारलं, "हे आवाज कधी थांबतील?" त्या म्हणाल्या, "थांबतील असं मी कबूल करू शकत नाही हो. आवाज येत असताना तुमचे पाय जाग्यावर राहावेत, एवढंच माझ्याकडे आहे. मग काय करायचं ते तुम्ही ठरवायचं." मला राग आला. वाटलं, सहा दिवस घेतले आणि शेवटी हे.

चौकशी अधिकाऱ्यांनी पुढच्या बुधवारी जबाबाला बोलावलं आहे. ठाणे डायरीत माझ्याच हातची नोंद आहे: 'जखमी गंभीर असल्याबाबत नातेवाइकांस कळविले.' आपण सगळे तसंच लिहितो. जबाबात मी काय सांगू? तो आधीच गेला होता हे मला माहीत होतं, असं सांगितलं तर शेखर सुटतो आणि माझी नोंद खोटी ठरते.

आणखी एक विचारते, रागावू नका. फोनवर तो शब्द काढायचा नाही हे तुम्हाला कुणी शिकवलं? पुस्तकात तर कुठे नाही.

आशा

*

इगतपुरी
२२ मार्च

आशा,

कुणी शिकवलं नाही. अनुभवाने कळतं.

जबाबात डायरीत आहे तेच सांगायचं. एक शब्द इकडेतिकडे नाही. त्या बाईचा नंबर बंद करून टाक. यापुढे या विषयावर मला लिहू नकोस. द्राक्षं पाठवलीस ती मिळाली, गोड होती.

सावळीराम

[याखाली वेगळ्या अक्षरात]

आशा, मी मंगलाकाकू. यांचं पत्र पोस्टात टाकायला मला दिलंय म्हणून दोन ओळी घुसवते. तुझं पत्र आल्यापासून हे नीट जेवत नाहीत आणि स्टेशनवरही गेले नाहीत. कान गेले म्हणतात ते खोटं आहे, मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी यांना ऐकू येतं. फोन वाजला की मात्र उठून परसात जातात, उन्हातसुद्धा. सात वर्षं मी विचारलं नाही. तू काय विचारलंस गं?

*

सायखेडा
५ एप्रिल

तात्या,

तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते आहे. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका.

जबाब दिला. डायरीत आहे तेच सांगितलं, एक शब्द इकडेतिकडे नाही. खोलीत शिरण्याआधी मी चार-चार मोजून श्वास घेतले, पाय टेकले, भिंतीवरचं कॅलेंडर, पंखा, फाईल, सगळं मनात म्हटलं. आवाज अजिबात कापला नाही. साहेब म्हणाले, "वर्गाचा फायदा दिसतोय तुम्हाला." बाहेर आले आणि पायरीवरच बसले. श्वासाने मला इतकं शांत केलं की मी शांतपणे खोटं बोलू शकले. हे सगळं मी यासाठीच शिकले का?

त्यानंतरच्या सोमवारी शेखरच्या गाडीची काच फोडली. त्याला कामावरून काढलं आहे. मुलीला शाळेत व्हिडिओवरून चिडवतात म्हणून त्याने बायकोमुलीला माहेरी पाठवलं. परवा तो ठाण्यात आला. मी एकटीच होते. बसला नाही. हात टेबलावर ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मी कुणाला काही बोललो नाही. बोलणार पण नाही. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्हीच म्हणाला होतात ना, पुढच्या टपरीपाशी थांब म्हणून?"

हो, तात्या. मीच म्हणाले होते. हे मी तुमच्यापासूनही लपवलं. पंचनाम्याचे फोटो व्हायचे होते आणि धनराजने कागद घेऊन त्याच्या गाडीत बसायचं होतं. महामार्गावर गाडी उभी केली तर मागून दुसरी येऊन आदळेल म्हणून मी त्याला पुढे टपरीच्या मोकळ्या जागेत थांबायला सांगितलं. म्हणाले, "घाई नाही शेखर, चहा घे तोवर." चहा घे हेही मीच म्हणाले. सकाळपासून तो दोन अपघातांना जाऊन आला होता, चेहरा उतरला होता.

मी त्याला म्हटलं, "हो, मीच." तो म्हणाला, "बरं. मला वाटायला लागलं होतं की मीच मनाने रचलं." आणि गेला. भांडला असता तर सोपं गेलं असतं.

नवसाबाईंचा फोन येतोच. मी नंबर बंद केला नाही. आता त्या काही विचारत नाहीत. चढाची धाप ऐकू येते, ती हळूहळू बसते, मग वारा ऐकू येतो. थोड्या वेळाने ठेवतात.

मला तुमची परवानगी नको आहे, तात्या. पण मी जे मोडायला निघाले आहे ते तुम्ही का बांधलं, हे कळल्याशिवाय मोडावंसं वाटत नाही.

आशा

*

इगतपुरी
१३ एप्रिल

आशा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिताना मंगलाला समोर बसवलंय. ती तांदूळ निवडतेय.

दोन हजार आठ साल. आषाढ, भातलावणीचे दिवस. घाटाखालच्या एका गावचा दूधवाला मोटरसायकलसकट गेला. मी पोचलो तेव्हा संपलेलं होतं. खिशात डायरी, तिच्यात घरचा नंबर. माझ्यावर त्या दिवशी तीन प्रकरणं होती आणि डोक्यावर पाऊस. टपरीवरून फोन लावला. बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, "बोला." मी बायको समजलो. कोण बोलतंय, घरात आणखी कोण आहे, काही विचारलं नाही. म्हणालो, "तुमचे मालक अपघातात गेले. बॉडी घ्यायला या."

मग ती म्हणाली, "बरं. आई शेतावर आहे. सांगते."

आठ-नऊ वर्षांची असेल. मी हॅलो हॅलो करत राहिलो, तोवर तिने ठेवून दिला होता. शहाण्या मुलीसारखा, नीट.

संध्याकाळी तिची आई आली तेव्हा सोबतच्या बाईने मला सांगितलं. पोर पावसात बांधाबांधाने दोन शेतं ओलांडून गेली. वाटेत सगळ्या बायका लावणी करत होत्या, कुणाशी बोलली नाही. आईपाशी जाऊन म्हणाली, "आई, बाबा गेलेत. बॉडी घ्यायला बोलावलंय." बॉडी म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. काहीतरी वस्तू असेल असं वाटून तिने सोबत पिशवी नेली होती.

ती पिशवी मी पाहिली आहे, आशा. आईच्या हातात होती. कापडी, बंद शिवलेले.

त्यानंतर मी फोनवर तो शब्द काढला नाही, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या एकालाही काढू दिला नाही. मला वाटायचं मी यातून शिकलो. तुझं पत्र वाचून वाटतं, मी भ्यालो होतो आणि ते भय नियम म्हणून तुम्हा सगळ्यांत वाटत गेलो. खरी चूक होती ती मी कधी दुरुस्तच केली नाही. फोनवर कोण आहे हे मी विचारायला हवं होतं. घरी माणूस पाठवायला हवा होता. त्या मुलीकडे एकदा जायला हवं होतं. आता ती पंचविशीची असेल. फोन वाजला की मला वाटतं, उचलला तर ती म्हणेल, "बरं, सांगते."

म्हणून मी फोन घेत नाही. कान चांगले आहेत.

तुझ्या पहिल्या पत्रातलं ते चार मोजायचं मी परसात करून बघितलं. तिसऱ्या वेळी रडू आलं. असं वर्गात कुणाचं झालं होतं का? मंगला म्हणते होत असेल, पुरुष सांगत नसतील.

तू त्या आईकडे जा असं मी म्हणत नाही आणि जाऊ नकोस असंही म्हणत नाही, तो हक्क माझा राहिला नाही. पण गेलीस तर फोनवर सांगू नकोस. घरी जा. आत जा. घरात कोण कोण आहे, लहान कुणी आहे का, ते आधी बघ. त्या बाईजवळ एखादी बाई बसू दे. आणि सांगून झालं की लगेच उठू नकोस. आपण सगळे लगेच उठतो.

सावळीराम

*

सायखेडा
२८ एप्रिल

तात्या,

वर्गात तिघांना रडू आलं होतं. त्यातला एक धनराज. तो सर्दी म्हणाला.

तुमचं पत्र मी दोन दिवस वर्दीच्या खिशात ठेवलं. मग आधी चौकशी अधिकाऱ्यांकडे जाऊन दुसरा जबाब दिला. मी पोचले तेव्हा नवनाथ मृत होता, हे मला ठाऊक होतं, फोनवर मी जाणूनबुजून गंभीर सांगितलं, गाडी माझ्या सांगण्यावरून थांबली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे कशाला?" म्हणाले. कामात कसूर केल्याची नोटीस मिळाली, खुलासा मागितला आहे, पुढे काय होईल ते माहीत नाही. शेखरला कामावर परत घेण्याचं बोलणं चालू आहे, अजून घेतलेलं नाही. हा जबाब देताना आवाज कापला माझा, तात्या. चांगलाच कापला. मी मोजत नव्हते.

काल पाड्यावर गेले. साध्या साडीत जावं असं वाटलं होतं, पण खोटं वर्दीत बोलले होते म्हणून वर्दीतच गेले. धनराजला खाली जीपपाशी थांबवलं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. नवसाबाई मी समजत होते त्याहून लहान निघाल्या, पंचेचाळीसच्या, माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या. मी रोज त्यांना आई म्हणत होते. आवाजावरून मला ओळखलं आणि म्हणाल्या, "फोन नाय केला मी आज. तुम्ही कशापायी आल्या?"

आधी घरात कोण आहे ते पाहिलं. एक लहान मुलगी होती, नवनाथचीच, चार वर्षांची. मी नवसाबाईंच्या जावेला विचारलं, हिला थोडा वेळ बाहेर नेता का? जाऊबाईंनी तिला शेजारी सोडलं आणि परत येऊन नवसाबाईंना लागून बसल्या. बारकू दारात उभा होता. मी पाय जमिनीला टेकले. सारवलेली जमीन, गार होती. पाच वस्तू बघायचं सुचलं नाही. मी नवसाबाईंकडेच बघितलं आणि म्हणाले, "मी पोचले तेव्हा नवनाथ गेलेला होता. फोन त्यानंतर केला. सिरियस आहे म्हणाले ते खोटं होतं. गाडीत ठेवला तेव्हाही तो गेलेलाच होता. ड्रायव्हरला मीच थांबायला सांगितलं."

बारकू म्हणाला, "चौघांना घेऊन पळत आलो मी. सिग्नलला रिक्षातून उतरून पळालो. त्यातला एक उपाशी व्हता, म्हणलं केळ खा, चक्कर येईल रगत देताना. त्याला केळ खायला घातलं मी." एवढं बोलून तो निघून गेला. मी असेपर्यंत परतला नाही. तो मला माफ करणार नाही, आणि मीही त्याला तसं विचारलं नाही.

नवसाबाईंनी बारकू गेला त्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग गाडीत नाय मागितलं पाणी."

"नाही. गाडीत नाही."

"आन त्याच्या आदी? तुम्ही यायच्या आदी?"

तात्या, इथे माझ्या तोंडाशी वाक्य तयार होतं. जागच्या जागी गेला, काही कळलं नाही त्याला. आपण हेही सगळ्यांना सांगतो. मी पॅकहाऊसमधल्या बायकांना विचारून आले होते. एक म्हणाली लगेच गेला, दुसरी म्हणाली हात हलला होता. मी एक श्वास घेतला. मोजला नाही, नुसता घेतला. म्हणाले, "ती दहा मिनिटं मला माहीत नाहीत. मी विचारलं. कुणी काही सांगतं, कुणी काही. मला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं झालं. उठणार होते, पण तुमचं वाक्य आठवलं म्हणून बसून राहिले.

मग एकेक जण यायला लागलं. खाली पोलिसांची जीप बघून सगळ्या पाड्याला कळलं होतं. पहिल्या बाई आल्या तशा नवसाबाई मला म्हणाल्या, "यांना बी सांगा." मी सांगितलं, पहिल्यापासून. पुढे दोघी आल्या. "यांना बी." त्यांनाही सांगितलं. त्यांच्यात कुणी वारलं की भेटायला येईल त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं असतं, तात्या, ज्याने पाहिलं त्याने सांगायचं. अडीच महिने त्या घरात हे सांगायला कुणी नव्हतं. मग गेणूबाबा आले, नवनाथचे चुलत आजोबा. त्यांना खरंच ऐकू येत नाही. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मला ओरडावं लागलं. "मी पोचले तेव्हा तो गेला होता. फोनवर मी खोटं बोलले." सगळा पाडा ऐकत होता. बाबांनी मान वळवून विचारलं, "काय म्हणली?" मी पुन्हा ओरडले.

सातव्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा ऊन उतरलं होतं. टेकडीपलीकडून नवसाबाईंची बहीण साळूबाई चालत आली होती. मी तोंड उघडलं तर नवसाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या तुम्ही. मी सांगते."

त्यांनी पदर नीट घेतला आणि बहिणीकडे वळल्या.

"पोलिसबाई पोचली तवा नवनाथ गेलेला व्हता," त्या म्हणाल्या. "गाडीवाल्यानं उशीर नाय केला. त्याला थांब म्हणलं म्हनून तो थांबला. बारकू पोरं घेऊन गेला त्याच्या आदीच सगळं झालं व्हतं." मग, माझ्याकडे न बघता, "त्याच्या आदी धा मिनिटं ऱ्हायलीत. ती कुनालाच ठाव नायत."

साळूबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मीही बसून होते.

आशा